एका हाताने उघडणारा चाकू

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी लोक मला अजून तोच प्रश्न विचारतात. एखाद्या लग्नात जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असलो की मागून कुणीतरी म्हणतं, "काका, खिशात ठेवायला एखादा बरा चाकू सांगा ना. फार महाग नको, पण टिकला पाहिजे." मी ताट सांभाळत सांगत बसतो आणि पुढची रांग सरकून जाते. बायको म्हणते, "दुकान मिटलं, तुमचं तोंड काही मिटलं नाही."

दिवाळी अंकाच्या मंडळींनी आता लिहायलाच सांगितलंय, तर तो प्रश्न एकदाचा नीट निकालात काढतो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. नेरूळला उत्तम तांबे नावाचे गृहस्थ राहतात. तरुणपणी त्यांना तळोज्याच्या एका कारखान्यातून चाकू बाळगल्यावरून काढलं होतं. त्यांच्याबद्दल तेव्हा जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे सांगणं फक्त माझ्या हातात होतं. मी सांगितलं नाही. चाकूची माहिती तुम्हाला उपयोगी पडली तर आनंदच आहे, पण माझा जीव अडकलाय तो या दुसऱ्या गोष्टीत.

सत्तरचं दशक संपता संपता मी वाशीला आलो. मुंबईत मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात धंदा शिकलो होतो. नव्या वसाहतीत गाळा मिळतोय म्हणून खाडीपूल ओलांडला. तेव्हा वाशीत इमारती थोड्या आणि वारा फार. दुपारी गाळ्यात बसलं की समोरच्या मोकळ्या प्लॉटमधलं गवत हलताना दिसायचं, गिऱ्हाईक दिसायचं नाही. नवीन घरांना कड्या, बिजागऱ्या, कुलपं लागत, त्यावर घर चालायचं. चाकू मी हौसेने ठेवले होते, एका काचेच्या पेटीत, मखमलीच्या तुकड्यावर. पुढे घाऊक बाजार मुंबईहून वाशीला यायला लागला आणि माझी हौस धंदा होऊन बसली. कांद्याच्या गोणीची सुतळी कापायची, कलिंगडाची फोड काढून गिऱ्हाइकाला दाखवायची, ट्रकवरचा दोर तोडायचा, दुपारी भाकरीबरोबर कांदा चिरायचा, या सगळ्याला खिशातला मिटता चाकू लागतो. बघता बघता मी 'चाकूवाले शेट' झालो. कुलपांचा माणूस म्हणून मला कुणी ओळखेना.

माझ्या काउंटरवर एक वाडगा असायचा. त्यात साबणाचं पाणी. चाकू बघायला आलेल्याला मी म्हणायचो, "आधी हात बुडवा." लोक चमकायचे. एकाने विचारलं होतं, "शेट, चाकू घ्यायला आलोय की जेवायला?" पण कोरड्या हातात कुठलाही चाकू छान वाटतो. काम करताना हात घामाचा असतो, माशाचा असतो, तेलाचा असतो. साबणाच्या हातातून जी मूठ निसटत नाही ती मूठ खरी. गुळगुळीत, चकचकीत, प्लॅस्टिकच्या मोत्यासारख्या मुठी वाडग्यापुढे नापास व्हायच्या. साधी लाकडी मूठ पास व्हायची, आणि ती स्वस्तही असायची.

मग पातं अर्धं उघडून कानाशी हलवायचं. कटकट वाजलं तर बिजागरीचा रिबीट ढिला आहे, ठेवून द्या. मिटवून उजेडाकडे धरायचं. पातं मुठीच्या खाचेत मधोमध बसलं पाहिजे. एका बाजूला टेकत असेल तर रोज तिथे घासणार आणि धार जाणार. उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जोर लागला पाहिजे. उघडल्यावर पातं आणि पाठीची स्प्रिंग यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. धार मात्र दुकानात बघू नका. नव्या चाकूची धार ही नव्या नवऱ्यासारखी, पहिले काही दिवस सगळ्यांचीच बरी असते. धार किती आहे यापेक्षा ती गेल्यावर दगडावर परत येते का, हे महत्त्वाचं. त्यासाठी दुकानदाराला विचारा, "तुम्ही स्वतः कुठला वापरता?" आणि तो खिशातून काढून दाखवतो का बघा. नुसतं बोट पेटीकडे करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

किमतीचं म्हणाल, तर एका मर्यादेपलीकडे पैसे मुठीच्या नक्षीला जातात. खिशातला चाकू हरवला तर हळहळ वाटावी, पण त्या दिवशी जेवण गोड लागावं, इतपतच तो महाग असावा.

हे सगळं मी मामांकडून शिकलो. गंजाचं मात्र सारसोळ्याच्या जनाबाईने शिकवलं. जनाबाई कोळीण, टोपलीभर निवट्या, म्हणजे खाडीतले मासे, विकून परत जाताना दुकानात यायची. तिच्या नवऱ्याला होडीत जाळ्याची दोरी कापायला चाकू हवा होता. मी काळ्या पोलादाचा, माझ्या मते उत्तम चाकू दिला. थोड्या दिवसांनी तो काउंटरवर आदळला. पातं लाल.

"शेट, यो तुजा चाकू ठेव तुज्याकरं. खाडीचं पानी लागलं नी कुकू लावून बसला."

मी माफी मागून न गंजणारा, चकचकीत स्टीलचा दिला. ती परत आली.

"गंजत नाय शेट. पन कापत पन नाय. दिसाला बरा हाय."

स्टीलच्या पात्याला तेव्हा स्वस्तात चांगली धार टिकत नसे, हे खरं होतं. मी म्हटलं, "जनाबाई, दोन्हीतलं एकच मिळेल. काय पाहिजे ते सांगा."

तिने थोडा वेळ दोन्ही हातांत दोन्ही चाकू धरून पाहिले आणि पहिला उचलला. "गंज घासला तं जातो. त्याला मासलीच्या तव्यावरचा तेल लावीन. बोथट मानसाला काय लावाचा?"

त्या दिवसापासून खाडीकाठच्या गिऱ्हाइकाला मी काळं पोलादच देत आलो, सोबत सल्ला फुकट: रात्री पुसून तेलाचं बोट फिरवा.

कॉलेजची पोरंही यायची. सिनेमा बघून आलेली असायची, हे चालण्यावरून कळायचं. एक जण कोपर काउंटरवर टेकून हळूच विचारायचा, "काका, खटकेवाला आहे काय?" खटक्याचा, म्हणजे बटण दाबलं की फटकन पातं बाहेर येणारा. तो बाळगणं म्हणजे पोलीस, आणि विकणं म्हणजेही पोलीस. मी त्यांना पेन्सिल तासायचा छोटा चाकू दाखवायचो. "हा घे. याने परीक्षेत मारामारी कर." मित्र हसायचे आणि तो पोरगा लाल व्हायचा. पण त्या काळात खटक्याच्या नावाचा असा काही दरारा होता की चाकू जरा सहज उघडला तरी लोकांच्या भुवया वर जात. उत्तमचं जे झालं ते त्यातूनच.

उत्तम महाडकडचा. तुर्भ्याला भाड्याच्या खोलीत राहायचा, तळोज्याला रंग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. पावडरीच्या गोण्या मशिनच्या तोंडाशी नेऊन फोडायच्या, हे त्याचं काम. तेव्हा मी त्याला 'अरे उत्तम' म्हणायचो. तो माझ्याहून थोडा लहान आणि गिऱ्हाईक कामगार, म्हणून 'अरे'. आता 'उत्तमराव' म्हणतो. तेव्हाही म्हणायला हरकत नव्हती.

तो आला तो खिशातून रबराचे जाड हातमोजे काढत. त्याने ते चढवले आणि माझ्या वाडग्यात हात बुडवले. मग पेटीतला एक चाकू घेतला. मिटत्या चाकूच्या पात्याला एक बारीक खाच असते, तिच्यात नख अडकवून पातं ओढायचं असतं. त्याने दोन-चार वेळा प्रयत्न केला. हातमोजा घसरला.

"शेट, हातमोज्यात नख कुटनं आनू?"

"मग हातमोजा काढून उघडायचा."

"आनि गोनी कोन धरनार? डाव्या हाताने गोनीचं तोंड असं लांब धरायचं, उजव्या हाताने शिवन कापायची. सोडली तर पावडर तोंडावर. निळा होऊन घरी गेलो तर बायको घरात घेत नाय."

"कारखाना काय देतो कापायला?"

"एक्सो ब्लेडचा, म्हंजे लोखंड कापायच्या करवतीचा तुकडा, चिंधी गुंडाळून." त्याने हातमोजा काढून तळहात दाखवला. आडव्या चिरांची जाळी होती.

"उघडाच चाकू ने, लाकडी म्यानात."

"कमरेला चाकू लावून गेटातून गेलो तर साहेब काय बोलंल?"

मला ते कोडं आवडलं. दोन-तीन दिवस मी त्यावर डोकं लढवत बसलो. लाकडी मुठीचा, काळ्या पोलादाचा एक साधा चाकू घेतला. बिजागरीचा रिबीट काढून तिथे छोटा बोल्ट घातला, मध्ये पितळेची पातळ चकती. पाठीची स्प्रिंग कानशीने बेताने घासली, पातं सहज उघडावं पण उघडलेलं आपोआप मिटू नये इतकीच. पात्याला भोक पाडायला गेलं तर त्याचं पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं, म्हणून पात्याच्या पाठीवर पितळेचा चिमटा बसवला आणि त्याला एक घुंडी. हातमोज्याच्या अंगठ्याने घुंडी ढकलली की पातं सरळ उभं.

उत्तमने हातमोजे चढवले, एक हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवला आणि चाकू उघडला. मिटवला. परत उघडला. "शेट, पेटंट घ्या," म्हणाला. इतका खूश होऊन माझ्या दुकानातून क्वचितच कुणी गेलं असेल. त्याच्याहून मी खूश होतो. बाजारातल्या हमालांसाठी आणखी करायचे, असा बेत मी मनात करून टाकला.

पुढे तो चाकू त्याने बराच काळ वापरला, एकदा धार लावून घ्यायलाही आला. मग एके दिवशी कारखान्याच्या गेटावर तपासणी झाली. कामगारांची आणि कंपनीची तेव्हा बाचाबाची चालली होती आणि तपासण्या कडक झाल्या होत्या. वॉचमनने डबा बघताना चाकू उचलला, अंगठा घुंडीला लागला आणि पातं उभं राहिलं. "खटक्याचा!" असं तो ओरडला. उत्तमला घरी बसवलं आणि चौकशी लागली. आरोप असा, की साध्या चाकूत फेरफार करून त्याने हत्यार बनवलं.

उत्तमने सरळ सांगितलं, "वाशीच्या शेटनी करून दिलाय. त्यांना विचारा."

विचारायच्या आधी कारखान्याचा एक अधिकारी माझ्या दुकानात आला. उंच, मऊ बोलणारा माणूस. त्याने पेटीतले चाकू पाहिले, भिंतीवरचा परवाना पाहिला. "शेठ, आमचं तुमच्याशी काही भांडण नाही," तो म्हणाला. "हत्यार बनवून विकलं असं निघालं तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, आणि मग आमच्याही हातात राहणार नाही. तुम्ही फक्त खरं सांगा. चाकू बनवणाऱ्याकडून असा येत नाही, एवढंच."

त्याने मला खोटं बोलायला सांगितलंच नाही. तो एक खरं वाक्य हातात ठेवून गेला. मी ते वाक्य पाठ केलं. घरी बायकोला सांगितलं, "मी खरं तेच सांगणार आहे." ती म्हणाली, "मग जेवत का नाही?"

चौकशी कारखान्याच्या ऑफिसात होती. पंखा, टेबल, त्यावर चाकू. टेबलापलीकडे चौकशी करणारे साहेब, एका बाजूला उत्तम. आमच्या धंद्यात चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी खाली ठेवायचो, गिऱ्हाईक उचलायचं. साहेबांनी तो उचलून माझ्यापुढे धरला आणि मी हातातच घेतला. उत्तमचं लक्ष होतं.

"हा असाच विकला होता?"

"बनवणाऱ्याकडून असा येत नाही," मी म्हटलं.

"मग हे घुंडी वगैरे?"

"येत नाही."

साहेबांनी उत्तमला विचारलं, तुला साक्षीदाराला काही विचारायचंय का. तो उभा राहिला.

"शेट, घुंडी कोनी बसवली?"

पाठ केलेलं वाक्य तिथे पुरेना. मी म्हटलं, "दुकानात पुष्कळ चाकू येतात. मला आठवत नाही."

"मी हातमोजे घालून आलेलो. वाडग्यात हात घातला. ते तरी आठवतं?"

"नाही."

तो ओरडेल असं वाटलं. मग तो साहेबांकडे वळून म्हणाला, "झालं साहेब. शेटना चाकू आठवतात. मानसं नाय आठवत."

त्याला काढलं. माझा गाळा राहिला, परवाना राहिला, कुणी पोलीस आला नाही. बाजारातल्या हमालांसाठी घुंडीचा चाकू मी कधीच केला नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचो, "तसं होत नाही."

आता लिहितो, सरळ लिहितो. उत्तम तांबे यांच्या चाकूत फेरफार मी केला होता. त्यांनी केला नव्हता. तो त्यांच्या कामासाठी केला होता, त्यात खटका नव्हता, आणि चौकशीत विचारल्यावर मला सगळं नीट आठवत होतं.

उत्तमचं पुढे वाईट झालं नाही, यात माझी काहीही पुण्याई नाही. तो घाऊक बाजारात हमालांबरोबर उभा राहिला, मग रिकाम्या गोण्या गोळा करून विकू लागला, मग बारदानाचा व्यापारी झाला. मोठ्या मुलाने तो धंदा वाढवला. बाजारात मी लांबून दिसलो की तो मान वळवायचा नाही, हलवायचाही नाही.

म्हातारपणी मी नेरूळला मुलाकडे राहायला आलो. सकाळी बागेत बाकावर बसलो असताना एक जण समोर येऊन उभा राहिला.

"शेट, ओळखलंत? का अजून आठवत नाय?"

मी बाकावर सरकून जागा केली. तो शेजारी बसला आणि गुडघेदुखीबद्दल बोलायला लागला. त्यानंतर आम्ही रोज बसतो. गुडघे, पाणीकपात, सोसायटीची भांडणं. त्या विषयावर मी दोनदा यायचा प्रयत्न केला. त्यांनी दोन्ही वेळा, "सोडा हो, जुनं झालं," म्हणून वाट वळवली. मी सुटलो असं वाटायचं. सकाळ छान जायची, खोटं कशाला बोलू.

पण त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, रस्त्यात भेटल्या तर माझ्या नमस्काराला पदर सावरून पुढे जायच्या. का, ते एकदा उत्तमरावांनीच सांगितलं. मुलीचं पहिलं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं, बाप चाकू घेऊन कामावर जायचा, दादागिरी करायचा, म्हणून काढला. "पोरीचं नंतर चांगलं झालं," ते म्हणाले. "पन हिच्या डोक्यातनं ते जात नाय. आनि आमचा नातू तर सोसायटीत सांगतो, आमचे आजोबा एकेकाळी भाई होते!" ते स्वतःच हसले. मला हसता आलं नाही.

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी त्यांच्या घरी वाचायला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, दोघांचे गुडघे आठवत चढलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्याशी थेट बोलत नाहीत. "त्यांना विचारा, चहात साखर चालते का," असं नवऱ्याला म्हणाल्या.

मी वाचलं. जनाबाईला उत्तमराव मनापासून हसले. घुंडीचं आलं तेव्हा त्यांचा अंगठा आपोआप हलला. पुढे मी लिहिलं होतं, "चाकू सैल करण्याची चूक माझी होती." तिथे त्यांनी हात वर केला.

"ते खोडा."

"का?"

"सैल केला ती चूक नाय. चाकू बरोबरच होता. तसा चाकू मला परत मिलाला नाय. आता पोरगा मोबाइलवर दाखवतो, परदेशी चाकूंना तश्शी घुंडी असते, केवढ्याला देतात! तुमी आधी केली. तुमची चूक चाकूत नाय शेट. चूक कुटं ते तुमाला म्हाईत हाय. तेवढीच लिवा."

मी ते वाक्य खोडलं. वर तुम्ही वाचलंत त्यात ते नाही.

"आणि नाव?" मी विचारलं. "वाटल्यास बदलतो. 'एक कामगार' असं लिहितो."

उत्तमराव काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला. "सांगा त्यांना, नाव पूर्ण घाला. बदनामी नावानिशी झाली होती."

मी मान डोलावली आणि पुढे वाचू लागलो. फेरफार मी केला, त्यांनी केला नव्हता, हे आलं तेव्हा वहिनी ओट्यावरचं काम टाकून बाहेर आल्या होत्या. मी थांबलो.

"ते परत वाचायला सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मी परत वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं, आतल्या खोलीत मोबाइल बघत पडलेल्या नातवाला हाक मारून बाहेर बसवलं, आणि मग जाऊन घराचं दार सताड उघडलं. समोरच्या ब्लॉकचं दारही उघडं होतं. शेजारीणबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या.

वहिनी माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या.

"आता परत वाचा. आनि जरा मोठ्यानं."